पोटऱ्यांचा हिशोब: आठवडा १२

मंडळी, अपडेटला उशीर झाला कारण टेप लावायची हिंमतच होत नव्हती. आज सकाळी उठल्याउठल्या लावली, जिमच्या आधीच, म्हणजे पंपचा (व्यायामाने येणारा तात्पुरता) फुगवटा मोजला जायला नको. १२ आठवड्यांत डावी पोटरी ३५.२ वरून ३६.१, उजवी ३५.५ वरून ३६.३ सेमी. हसू नका, त्याआधी दोन वर्षं टेप ढिम्म हलली नव्हती.

दोन वर्षं करत काय होतो तर बसून काफ रेज (टाचा उचलायचा पोटरीचा व्यायाम), ६० किलो लावून टकाटक २५ रेप्स (वेळा), आणि वर आरशात बघणं. एका दोस्ताने सहज व्हिडिओ काढला तो बघून लाज वाटली, टाच जेमतेम दोन बोटं वरखाली होत होती. नुसता उसळत होतो. टाचेमागची जाड शीर स्प्रिंगसारखी वजन परत फेकते, पोटरीला कामच नाही.

मग दोन गोष्टी बदलल्या. एक, उभं राहून करायचं, कारण पोटरीचा वरचा मोठा मसल गुडघ्याच्याही वर जोडलेला असतो, बसलं की गुडघा दुमडतो आणि तो ढिला पडतो. जपानमध्ये १२ आठवडे एक पाय उभ्याने आणि एक बसून असा ट्राय झाला, बसलेल्या बाजूला हा मसल जवळपास वाढलाच नाही. दुसरं म्हणजे पायरीच्या कडेला फक्त चवडा ठेवून टाच जाईल तितकी खाली सोडायची, खाली दोन सेकंद थांबायचं, आणि मगच वर. हातात फक्त १२ किलोचा डंबेल, एका वेळी एक पाय. पहिल्या दिवशी ८ रेप्समध्ये खेळ खल्लास! दुसऱ्या दिवशी कठडा धरून जिना उतरत होतो तर शेजारच्या काकू म्हणाल्या पाय मुरगळला का रे.

आता तो गाजलेला ब्राझीलचा प्रयोग, ज्यात फक्त खालची अर्धी रेंज (टाचेच्या वरखाली प्रवासाचा खालचा अर्धा भाग) करणाऱ्या मुलींची पोटरी (आतली बाजू) ८ आठवड्यांत १५.२% वाढली, फुल रेंजवाल्यांची ६.७ आणि फक्त वरच्या अर्ध्या रेंजवाल्यांची ३.४%. आकडे भारी आहेत, पण त्या सगळ्या नवख्या होत्या, म्हणून मी फुल रेंज सोडली नाही. फुल रेप्स संपले की शेवटी खालचे ५-६ अर्धे रेप्स जोडतो, आणि खरी जळजळ तिथेच होते.

त्याच नादात स्क्वॉटही (वजन घेऊन बैठका) १०० वरून ७० किलोवर आणला, कारण १०० ला मी खुर्चीच्या उंचीलाच परत फिरत होतो. २०१९ च्या एका जपानी अभ्यासात हाफ आणि फुल स्क्वॉटने मांडीचा पुढचा भाग सारखाच वाढला होता, फरक पडला तो ग्लूट्स (नितंबाचे मसल) आणि मांडीच्या आतल्या भागात, तिथे फुलवाले बरेच पुढे. तालमीतले वस्ताद पूर्ण खाली जाऊनच बैठक मोजतात, अर्धी मारली तर ती धरतच नाहीत. ७० किलोवाला बघून जिममधली पोरं विचारतात दुखापत झाली का, सांगत बसत नाही.

एक भानगड मात्र आहे. डावा घोटा आखडतो, टाच उजवीइतकी खाली जातच नाही, आणि तरी टेपवर डावीच जास्त वाढलीये, हे कोडं मला सुटलेलं नाही. आणि मोजे घालून पायरीवर चढू नका, तिसऱ्या आठवड्यात घसरून नडगी सोलून घेतलीये.