मे अखेरचं भंडारदरा : मामाच्या उसातलं पाणी आणि हिरड्यावरचे काजवे

मित्रमैत्रिणींनी सुट्टीत दोन दिवस तलावाकाठी काढायचे म्हटलं की पहिलं भांडण तारखेवरून होतं. आमच्याकडे दोन तट पडले. एकाला पौर्णिमा हवी होती, चांदणं पाण्यात पडलेलं बघायला. मला अमावास्येच्या जवळचा शनिवार-रविवार हवा होता, कारण मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस लागायच्या आधी, भंडारदऱ्याच्या रानात काजवे असतात आणि चांदण्यात ते फिके पडतात. पौर्णिमा काय, दर महिन्याला येते! काजव्यांचे दिवस वर्षातून एकदाच. हा मुद्दा चालला. शिवाय मुलांच्या शाळा उघडायच्या होत्या, त्यामुळे फार ताणता आलं नाही.

पुण्याच्या मंडळींना पवना जवळ पडलं असतं. पण शनिवारी रात्री पवनेकाठी साउंड सिस्टीमशी स्पर्धा करत गप्पा माराव्या लागतात, त्याला आता आमचं वय राहिलेलं नाही.

बुकिंग हे या सगळ्यातलं सगळ्यात किचकट काम. फोटोत सगळेच तंबू पाण्याला खेटून असतात. ते फोटो ऑक्टोबरातले. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत गेले : आज, या आठवड्यात, तंबूपासून पाणी किती लांब आहे? बहुतेकांचं उत्तर ‘एकदम टच, मॅडम’. एकाने ॲडव्हान्स घेतला आणि मग फोन उचलणंच बंद केलं. शेवटी नाशिकच्या मैत्रिणीच्या ओळखीतून रतनवाडीच्या बाजूच्या एका गावात घर मिळालं. त्या दादांनी फोनवरच सांगितलं, ‘पाणी लांब गेलंय ताई, पंधरा मिनिटं चालावं लागंल. जमत असंल तर या.’ त्यांचं बुकिंग मी त्याच फोनवर पक्कं केलं. अंगणात तंबू, दोन वेळचं जेवण, सकाळी पोहे-चहा, माणशी ठरलेला दर. पैसे रोख, कारण तिथे रेंज असली तर असते.

ठाण्याहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी. घोटीला पेट्रोल भरून घ्यायचं, एटीएमचं कामही तिथेच उरकायचं. पुढे बारीमार्गे शेंडी. बारीला कळसूबाई डोक्यावरच उभी असते. 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, आणि मे महिन्यात अगदी करपलेलं. शेंडीला वनविभागाच्या नाक्यावर गाड्यांची रांग होती. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे माणशी आणि गाडीमागे शुल्क भरायचं, पावती जपून ठेवायची. काजव्यांच्या दिवसांत गर्दी इतकी असते की अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याकडे निघालो. आधी गवत, मग भेगा पडलेली जमीन, मग गाळ. जिथे पावसाळ्यानंतर होडी चालते तिथे गुरं चरत होती. समोरच्या डोंगराला पाण्याच्या जुन्या पातळीची रेघ स्पष्ट दिसत होती आणि आम्ही तिच्या कितीतरी खाली उभे होतो. पौर्णिमावाल्याचा चेहरा पडला. ‘एवढं पाणी गेलं कुठं?’

‘माझ्या मामाच्या उसात,’ राहात्याची मैत्रीण म्हणाली.

आम्ही हसलो, पण ती खरंच बोलत होती. प्रवरेवरचं हे धरण 1926 साली पूर्ण झालं. विल्सन डॅम हे त्याचं नाव, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून पडलेलं. ते बांधलं खालच्या शेतीसाठी. साठवण साधारण 11 टीएमसी, म्हणजे 11 अब्ज घनफूट, आणि उन्हाळ्यात आवर्तन सुटलं की संगमनेर, राहाता, श्रीरामपूरपर्यंत कालव्यांना पाणी जातं. तिच्या माहेरी मे महिन्यात भंडारदऱ्याचं आवर्तन कधी सुटणार, यावर लग्नाच्या तारखा ठरवाव्यात इतकी चर्चा चालते. म्हणजे तलाव भरलेला राहिला तर तिच्या मामाचा ऊस वाळणार. आपल्या सहलीसाठी कुणी ते पाणी अडवून ठेवणार नाही, ठेवूही नये. हे एकदा डोक्यात बसलं आणि मग त्या उघड्या पडलेल्या तळाकडे मी जरा नीट बघायला लागले. जुन्या झाडांचे खुंट, कुठे बांध असावेत अशा दगडांच्या ओळी. दादा म्हणाले, पाणी उतरलं की गावातली पोरं इथे क्रिकेट खेळतात. आमचेही तिघे लगेच त्यांच्यात घुसले.

पोहण्याबद्दल मात्र दादा कडक होते. काठाला गाळ गुडघाभर, पाय रुतला की निघत नाही, आणि गाळ संपतो तिथे एकदम खोल. त्यांनी खडकाळ जागा दाखवली तिथेच, जॅकेट घालून, कमरेएवढ्या पाण्यात डुंबलो. फुगवायची गादी आणलेल्याने ती परत गाडीत टाकली. वारा दुपारनंतर असा सुटतो की ती गादी घाटघरला जाऊन सापडली असती.

जेवणाचं काय सांगू! नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा, आणि रानातून आणलेली करवंदं. मावशी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होत्या आणि आमच्यातला डाएटवाला चौथ्या भाकरीला ‘अर्धीच द्या’ म्हणत होता.

काजवे बघायला आठ वाजता निघालो. मोठ्या झाडांकडे सगळ्या गाड्या धावतात, दादांनी आम्हाला पायवाटेने उलट्या दिशेला नेलं. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून, तोही जमिनीकडे. एकाचा मोबाइल चमकला तर दादांनी तो काढून स्वतःच्या खिशात घातला, बोलले काही नाहीत. कारण साधं आहे : हे लुकलुकणं नर-मादीचं एकमेकांना बोलावणं असतं, आपला प्रकाश पडला की ते बोलावणं पोचतच नाही. अंडी मातीत, पाचोळ्यात घातली जातात, म्हणून वाट सोडून झाडाखाली जायचं नाही.

डोळे सरावायला वेळ लागला. आधी दोन-चार ठिपके. मग एका हिरड्याच्या झाडावर सगळे एकदम पेटले, एकदम विझले. पुन्हा पेटले. मग शेजारच्या सादड्याने ते उचललं आणि उजेड उतारावरून खाली सरकत गेला. आमच्यातल्या सर्वांत बडबड्या माणसाने ‘आयला’ एवढंच म्हटलं. किती वेळ उभे होतो माहीत नाही, पण मान अवघडली.

परतल्यावर बाराच्या सुमाराला वळीव आला. तंबूच्या खुंट्या वाऱ्याने उपटल्या, एक तंबू आतल्या दोघांसकट घरंगळायला लागला. सगळे अंथरुणं उचलून दादांच्या पडवीत. एका रांगेत बारा माणसं, दादांचं कुत्रं आणि शेजारी बांधलेली शेळी. झोप कुणालाच लागली नाही, आणि खऱ्या गप्पा त्या पडवीत झाल्या. कुणाची नोकरी सुटलीये, कुणाच्या आईला आता ओळख पटत नाही. वर्षभर ग्रुपवर वाढदिवसाचे केक पाठवणाऱ्यांना हे एकमेकांचं माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी रतनवाडीचं अमृतेश्वर. दगडावरचं कोरीवकाम बघायला घाई करू नये, आणि बाहेरची पुष्करणी चुकवू नये. आम्ही अकराला निघालो, कारण रविवारी संध्याकाळी कसारा घाटात सापडलं की सोमवार तिथेच उजाडतो.

दादांनी भिजलेल्या तंबूंचे पैसे कापून घ्यायचे म्हटलं, आम्ही ऐकलं नाही, पूर्ण दिले. खर्च बारा जणांत वाटून मी त्याच रात्री ग्रुपवर टाकला. पौर्णिमावाला आणि डाएटवाला, दोघांचे अजून यायचेत.