पाऊल पुन्हा उचलताना : विद्युत उत्तेजन उपचाराचा माझा अनुभव

मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित होऊन माझे डावे अंग लुळे पडले. हात हळूहळू सावरला, पण पावलाचा पुढचा भाग उचलला जाईना आणि पोटरी इतकी ताठरली की टाच जमिनीला टेकणे कठीण झाले. त्यासाठी हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये माझे उपचार सुरू झाले.

तेथील फिजिओथेरपिस्ट ताईंनी आधी पेसमेकर किंवा फिट्सचा त्रास नाही ना, याची खात्री करून घेतली. मग त्यांनी समजावले, "काकू, मेंदूचा निरोप वाटेत अडतोय, पण पाठीच्या कण्यापासून स्नायूपर्यंतचा मज्जातंतू शाबूत आहे, म्हणून त्याला बाहेरून करंट देता येतो." हा मज्जातंतूच तुटला असता, तर ही पद्धत उपयोगी पडली नसती.

एक इलेक्ट्रोड (त्वचेवर चिकटवायचा, करंट देणारा पॅड) गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूस, हाडाच्या उंचवट्यामागे, आणि दुसरा नडगीच्या पुढच्या स्नायूवर लावत. जागा थोडी जरी चुकली तरी पाऊल वर न येता बाहेर वळे, त्यामुळे योग्य बिंदू शोधण्यातच बराच वेळ जाई. पावसाळ्यात घामाने पॅड सुटत, म्हणून त्वचा धुऊन कोरडी करणे आवश्यक ठरे. करंट हळूहळू वाढवला की आधी मुंग्या येत आणि मग पाऊल आपोआप वर उचलले जाई. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला रडू आवरले नाही.

मात्र नुसते पडून करंट घेण्याने फारसे साधत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. करंट येताच मीही मनापासून पाऊल उचलण्याचा प्रयत्न करावा, असा ताईंचा आग्रह असे. नडगीचा स्नायू आकुंचन पावला की विरुद्ध बाजूची पोटरी सैल पडते, परंतु ही शिथिलता फार काळ टिकत नाही, म्हणून त्या लगेच पोटरी ताणून मला चालायला लावत. टाचेखालच्या स्विचने चालताना नेमक्या क्षणी करंट देणारे साधन अमेरिकेतील डॉ. लिबरसन यांनी 1961 सालीच मांडले होते. त्यामागेही कृतीच्या क्षणीच उत्तेजन देण्याचा विचार होता.

आता घरात मी आधाराविना चालते. विजेने आकुंचन पावणारा स्नायू लवकर थकतो, त्यामुळे दादर स्टेशनचा पूल चढायचा असेल तेव्हा मी घोट्याला आधार देणारा स्प्लिंट घालते.