वन्संनी ब्रश ठेवून दिला

मंगळवार, रात्र. पाऊस आहेच.

वन्सं सकाळच्या एसटीने कराडला गेल्या. तीन दिवस तसे बरे गेले. निघताना आरशापुढे उभ्या राहिल्या, माझा ब्रश उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि होता तिथे ठेवून दिला. मग पर्समधून स्वतःचा कंगवा काढला. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर मलाही दोन शब्द बोलता आले असते.

त्या गेल्यावर ब्रश खिडकीशी नेला, चष्मा लावून बघितला. काड्यांच्या मुळाशी राखाडी थर. तेल, कोंडा, धूळ, सगळं एकत्र बसलेलं, त्यावर केसांचं जाळं. टोकांचे बारीक मणी निम्मे गळालेले. विंचरताना डोक्याला टोचतं ते त्यामुळे, आणि मी आपली समजत होते की वयाने कातडी नाजूक झाली.

लाज वाटली. पितळेचा तांब्या मी चिंच लावून घासते, गॅसच्या बटणांच्या खाचांतून काडी फिरवते. वन्सं येणार म्हणून स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसली होती. त्यांनी पंख्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही! पाहिलं काय, तर ब्रश. रविवारी डोकं धुवायचं आणि सोमवारी तीच घाण परत केसांवरून ओढायची, असं किती रविवार चाललं होतं कोण जाणे.

माहेरी हा प्रश्नच नव्हता. आई विंचरून झालं की गुंतवळ काढून बोटाभोवती गुंडाळायची आणि कोनाड्यात ठेवायची. सुया-पोतवाली आली की त्या गुंतवळावर चार सुया, पोत मिळायची. गुंतवळाला किंमत होती म्हणून कंगवा रोजच्या रोज साफ व्हायचा. मी का काढत नव्हते? आळस म्हणावा, तर मी आळशी नाही. दिवसाला 50 ते 100 केस गळतातच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे मलाही माहीत आहे. पण ब्रशमधून काढून हातात घेतले की ते दिसतात. ब्रशमध्येच राहिले की... जाऊ दे.

दुपारी धुवायला बसले. मगात कोमट पाणी, त्यात थोडा शांपू. विणायच्या सुईने आधी केस उपसून काढले, मग घरातले सगळे कंगवे दहा मिनिटं बुडवून जुन्या टूथब्रशने दातांच्या मधून घासले. कंगवे लख्ख झाले. उत्साहाच्या भरात ब्रशही बुडवला. तिथे फसले. रबरी गादीला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत गेलं. आता हलवला की आत डुबुक डुबुक वाजतं. साताऱ्याच्या आषाढात हे वाळणार कधी? इथे टॉवेल वाळत नाहीत.

धाकटीला फोन केला. म्हणाली, "आई, गादीवाला बुडवायचा नसतो गं. काड्या खाली धरायच्या, नुसत्या फेसाने घासायच्या, आणि पालथा वाळत घालायचा. मी दर रविवारी करते. आणि वर्षभरात टाकूनच द्यायचा. तुझा कधीचा आहे?"

पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटरची, म्हणजे त्या भुयारी रस्त्यांची, खणाखणी चालली होती, तेव्हाचा; बरीच वर्षं झाली त्याला. मी म्हटलं, "असेल दोनेक वर्षांचा."

"मे महिन्यात मी माझाच वापरला होता," ती म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

म्हणजे वन्संना आज दिसलं. पोटच्या पोरीला मे महिन्यातच. आणखी कोणाकोणाला दिसलं असेल? या घरात मला कुणी काही सांगतच नाही. सगळ्यांची सगळी दुखणी ऐकायला मी, आणि माझ्या हातातल्या ब्रशबद्दल... फोन ठेवून तशीच मोरीपाशी बसून राहिले. तेवढ्यात हे आले, मगात डोकावले आणि म्हणाले, "काढा केलायस? कुणाला सर्दी झाली?"

पाणी खरंच काढ्याच्या रंगाचं होतं. ह्यांना काय, ह्यांचा कंगव्याशी संबंध संपून वर्षं झाली. पण हसू आलं ते आवरेना. तुम्हाला देऊ का कपभर, म्हटलं, तर म्हणाले, "केस येणार असतील तर दे."

सासूबाईंची शिंगाची फणी ड्रॉवरमध्येच आहे. ती पाण्यात घालायची नसते, खोबरेलाच्या बोटाने पुसायची. त्या तशीच पुसायच्या. तिच्यात एक पांढरा केस अडकलेला आहे. ती परत ठेवून दिली.

संध्याकाळी पाऊस जरा थांबला तेव्हा मोती चौकात जाऊन नवा ब्रश आणला. दुकानात उजेडात धरून एकेक मणी तपासला, दुकानदार बघत राहिला. घरी आल्यावर आरशापुढे ठेवला, मग उचलून कपाटात ठेवला. पाकीट फोडलं नाही. वन्सं गौरीला येतील तेव्हा काढीन. वेणी जुन्याच कंगव्याने घातली, आणि डुबुकवाला खिडकीत पालथा आहे, उद्या ऊन पडलं तर बघू.