बारा होल की सोळा? क्रोमॅटिक माऊथ ऑर्गन निवडतानाच्या नोंदी

नोंद १

दोन वर्षं ट्रेमोलो (थरथरत्या आवाजाचा, एकाच स्केलचा माऊथ ऑर्गन) वाजवल्यावर मी एका गाण्यात अडकलो. अंतऱ्याच्या शेवटी वरच्या सा वरून कोमल नी वर यायचं आणि तिथून ध वर उतरायचं, एवढंच. पण सी स्केलच्या ट्रेमोलोवर कोमल नी नाहीच. शुद्ध नी वाजवून दामटून नेलं की ऐकणारे माना डोलवतात, पण आपल्याला माहीत असतं ना. दोन स्केलचे दोन माऊथ ऑर्गन एकावर एक धरूनही बघितले. ज्यांना जमतं त्यांना दंडवत. मला ते ताट-वाटी सांभाळत जिना चढण्यासारखं वाटलं.

म्हणून क्रोमॅटिक, म्हणजे बाजूचं बटण दाबून कोमल-तीव्र धरून सगळे सूर देणारा माऊथ ऑर्गन. आणि इथे पहिली चूक केली. "घ्यायचाच आहे तर मोठाच घेऊ" म्हणून थेट सोळा होलचा उचलला. चार सप्तकं, ६४ रीड (हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या), हातात घेतला की भारदस्त वाटायचं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण निम्मा दोष माझाच होता. पहिल्या होलवर फुंकलं की आधी नुसती हवा, मग कण्हल्यासारखा सूर. मी आणखी जोर लावायचो, तर सूर गुदमरून गप्प. तीन आठवड्यांत तो कपाटात गेला आणि "क्रोमॅटिक आपल्याला झेपणारा नाही" असं मी ठरवून टाकलं.

ते ठरवणं चुकीचं होतं. या नोंदी त्याबद्दल आहेत.

नोंद २ : उघडून बघितलं

चार महिन्यांनी कपाट आवरताना तो पुन्हा हाती लागला. स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि वरचे पत्रे काढले. ट्रेमोलो किंवा साधा दहा होलचा डायटॉनिक (बटण नसलेला, एकाच स्केलचा) उघडलेल्यांना आत एक नवीन गोष्ट दिसेल: व्हॉल्व्ह. रीडप्लेटवर, म्हणजे रीड बसवलेल्या धातूच्या पत्र्यावर, ओळीने चिकटवलेल्या पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या, बहुतेक दुहेरी, एका टोकाला गोंदाने धरलेल्या आणि दुसरं टोक मोकळं.

त्यांचं काम समजलं आणि अर्धं कोडं सुटलं. प्रत्येक होलमागे दोन कप्पे असतात, एक बटण न दाबता वाजणारा आणि एक दाबल्यावर वाजणारा. प्रत्येक कप्प्यात फुंकण्याची एक रीड आणि ओढण्याची एक. म्हणजे होलला चार रीड, बारा होलला ४८. आता तुम्ही फुंकताय, पण ओढण्याच्या रीडची खाचही त्याच कप्प्यात उघडी आहे. तिथून हवा फुकट पळणार. व्हॉल्व्ह ती खाच झाकतो. फुंकल्यावर आतला व्हॉल्व्ह दाबला जाऊन खाचेवर बसतो, ओढल्यावर बाहेरचा आत खेचला जातो. सगळ्यात वरच्या, इवल्याशा रीडना बहुधा व्हॉल्व्ह लावतच नाहीत, तिथे गळती फारशी जाणवत नाही.

माझ्या त्या माऊथ ऑर्गनमध्ये तळाकडचे दोन व्हॉल्व्ह केळीच्या सालीसारखे वळले होते. एकाचा गोंद पसरून टोक प्लेटला चिकटलं होतं, म्हणून तिथे वाजवलं की "फर्र" असा आवाज. कागदाची बारीक पट्टी ओलसर करून व्हॉल्व्हखालून दोनदा हळूच सरकवली आणि फर्र गेलं. वळलेले व्हॉल्व्ह मात्र सरळ होईनात.

हवा गळायची ती इथून आणि स्लाइडपासून. स्लाइड म्हणजे तोंडपट्टीच्या आतली भोकं पाडलेली पट्टी, जी बटण दाबल्यावर सरकते. ती सैल असेल तर दोन थरांच्या फटीतून श्वास जातो. घट्ट असेल तर अडकते. या दोन्हींच्या मधला जो केसभर पट्टा आहे, क्रोमॅटिकच्या किमतीतला बराच भाग त्याच्यासाठीच मोजावा लागतो असं माझं मत झालंय.

त्या दिवशी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: होल मोजू नकोस, श्वास मोज.

नोंद ३ : सूर कुठे बसलेत

नवीन येणाऱ्यांसाठी, थोडक्यात. सी चा क्रोमॅटिक, सा पांढरी एक. पहिला होल फुंकला सा, ओढला रे. दुसरा फुंकला ग, ओढला म. तिसरा फुंकला प, ओढला ध. चौथा ओढला नी, फुंकला वरचा सा. पाचव्या होलपासून हेच पुन्हा. चौथा आणि पाचवा फुंकला तर एकच सा येतो. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, पण त्यामुळे प्रत्येक सप्तकात हाताची आणि श्वासाची रचना तीच राहते.

बटण दाबलं की प्रत्येक सूर अर्ध्या सुराने चढतो. कोमल रे म्हणजे फुंक १ आणि बटण. कोमल ग ओढ १ आणि बटण, तीव्र म ओढ २ आणि बटण, कोमल ध फुंक ३ आणि बटण, कोमल नी ओढ ३ आणि बटण. पाचही सापडले. ग वर बटण दाबलं तर पुन्हा म च येतो, आणि नी वर दाबलं तर सा. मला हे वाया गेल्यासारखं वाटलं होतं. तसं नाही, पुढे येईलच.

गंमत म्हणजे साथीला काळी एक वाला गायक असेल तर बटण सतत दाबून ठेवायचं आणि पांढरी एक सारखंच वाजवत राहायचं. तर्जनी दुखेल. करंगळीने दाबणाऱ्यांची करंगळी दुखेल. पण सूर बरोबर येतील.

आता बारा की सोळा. बारा होलचा मधल्या सी पासून सुरू होतो आणि तीन सप्तकं देतो, शेवटच्या होलवर बहुतेकदा वरचा रे सुद्धा मिळतो. सोळाचा खाली आणखी एक सप्तक देतो. त्या खालच्या रीड लांब आणि जड, त्यांना जाग यायला वेळ लागतो आणि तिथे जोर चालत नाही, हळू आणि खोल श्वास लागतो. अमेरिकन गायक-वादक स्टीव्ही वंडर सोळा होलवर वाजवतो आणि त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण माझ्या वहीतली तीस-पस्तीस गाणी बघितली, तर मधल्या सी च्या खाली जाणारी दोन निघाली. दोन गाण्यांसाठी सोळा खोल्यांचं घर कशाला झाडायचं? खर्जाचीच ओढ असेल त्याच्यासाठी बारा होलचा टेनर सी मिळतो, तो एक सप्तक खालून सुरू होतो. दहा होलचेही येतात, पण तार सप्तकात लवकर भिंत लागते.

सी सोडून दुसऱ्या स्केलचा घ्यावा का? पहिला असेल तर नको. शिकण्याचं बहुतेक साहित्य सी वर बेतलेलं आहे.

नोंद ४ : यादी

होनर या जर्मन कंपनीचा सुपर क्रोमोनिका २७० हा बारा होलवाल्यांचा जुना मानदंड. मधला साचा, ज्याला कोम्ब म्हणतात, तो पेअरच्या लाकडाचा. आवाज उबदार, याबद्दल फारसं दुमत नाही. पण पारंपरिक २७० मध्ये रीडप्लेट खिळ्यांनी ठोकलेल्या असतात, म्हणजे व्हॉल्व्ह बदलायचा तर खिळे उपटा. डीलक्स आवृत्तीत स्क्रू आहेत. आणि लाकूड ते लाकूडच. ओलं होऊन सुकत राहिलं की फुगतं, आक्रसतं, कधी तडा जातो, आणि तडा म्हणजे पुन्हा गळती. वापरलेला २७० स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारणाऱ्यांनी कोम्ब उजेडात धरून बघावा.

सुझुकीचा क्रोमॅटिक्स एससीएक्स-४८ बारा होलचा, प्लास्टिकच्या कोम्बचा. सायडेल ही जर्मनीतल्या क्लिंगेन्थालची १८४७ पासूनची कंपनी, तिची ओळख स्टेनलेस स्टीलच्या रीड. पितळी रीडपेक्षा त्या दीर्घकाळ टिकतात, पैसेही तसेच मागतात. ईस्टटॉपसारख्या चिनी कंपन्यांचे बारा होल खिशाला हलके असतात. त्यांच्याबद्दल ऐकलं ते एवढंच, की दोन नगांत फरक असू शकतो. पण हे वाक्य तर कुणालाही लागू आहे.

होनरचा सीएक्स-१२ वेगळ्याच वळणाचा. बाहेरचं कवच आणि तोंडपट्टी मिळून प्लास्टिकचा एकच तुकडा. कोणतंही हत्यार न लावता उघडतो. दिसायला काहींना इस्त्रीसारखा वाटतो, मलाही वाटला.

बेल्जियन जॅझ वादक टूट्स थिलेमान्स (१९२२–२०१६) हा बारा होलवाल्यांचा देव, होनरने त्याच्या नावाची दोन मॉडेलंही काढली. ती नावं वाचून माझा हात थोडा थरथरला हे कबूल करतो. पण नावाने हवा अडत नाही.

नोंद ५ : हातात घेऊन

दुकानात तोंड लावून वाजवू देत नाहीत, आणि बरोबरच आहे. भात्याला लावून प्रत्येक होल वाजवून दाखवतात. त्यातून फक्त रीड मेलेली नाही एवढं कळतं. भात्याला दम लागत नाही. खरी परीक्षा आपल्या श्वासाची. म्हणून मी जिथे घेतला तिथे आधीच विचारून ठेवलं की गळका निघाला तर बदलून देणार का. ओळखीच्या तिघांचे क्रोमॅटिकही धुऊन-पुसून वाजवून बघितले.

मी काय बघितलं ते सांगतो. पहिला होल, अगदी हळू, आरशावर वाफ धरताना सोडतो तेवढाच श्वास. सूर लगेच उमटला पाहिजे. मग एका श्वासात किती वेळ टिकतो ते मनात मोजायचं. एकावर मी चौदापर्यंत गेलो, दुसऱ्यावर नऊला दम संपला. तोच मी, तोच होल. मग बटण दाबून तेच करायचं. बटण दाबल्यावर आकडा धाडकन खाली आला तर स्लाइड गळतेय. एकावर असंच झालं, आणि तो दिसायला तिघांत सगळ्यात देखणा होता.

बटण पटापट वीस वेळा दाबायचं. परत येताना रेंगाळतं का? खटखट किती? थोडा खटका सगळ्यांनाच असतो, पण संथ गाण्यात तोच ऐकू यायला लागला तर वैताग येतो.

सुरांसाठी पहिला आणि पाचवा होल एकत्र वाजवायचे, मधले तीन जिभेने झाकून. सप्तकाचं अंतर आहे, त्यामुळे दोन्ही सूर एकजीव झाले पाहिजेत. आवाजात लाट आली तर एक हललेला आहे. ट्यूनर लावणाऱ्यांना एक सूचना: बरेच कारखाने ए चा सूर (सी स्केलचा ध) ४४० ऐवजी ४४२-४४३ हर्ट्झला लावतात, कारण वाजवताना तो किंचित उतरतो. सगळेच सूर सारखे चढे दिसले तर घाबरू नका, एखाददुसराच वेगळा दिसला तर बघा.

नोंद ६ : घेतला

सीएक्स-१२, सी. इस्त्रीसारखा दिसतो त्याला इलाज नाही. लाकडाचा गंध हवासा होता, पण मी रोज वाजवणारा आणि निष्काळजी माणूस, मला उघडून धुता येणारं वाद्य हवं होतं. पहिल्या होलवर बारा मोजले, बटण दाबून अकरा. मला पुरे.

तेरा दिवस झाले. व्हॉल्व्ह असलेला कोणताही क्रोमॅटिक थंड असताना वाजवला की श्वासातली वाफ आत थिजते, पट्ट्या चिकटतात आणि सूर उशिरा "टप्" करून सुटतो. म्हणून वाजवण्याआधी दहा मिनिटं काखेत. घरच्यांनी एकदा ताप आलाय का विचारलं. वाजवण्याआधी चूळ, वाजवून झाल्यावर तोंडपट्टी खाली करून तळहातावर हलके ठोके, मग उघडाच थोडा वेळ ठेवतो.

मींड अजून जमत नाही. बटणाने सूर उडी मारतो, घसरत नाही. घसरण ओठ-घशाने काढावी लागते आणि ती अर्ध्या सुराच्या आसपासच मिळते. डायटॉनिकवाल्यांचं बेंडिंग (श्वासाने सूर वाकवणं) इथे जसंच्या तसं चालत नाही, तिथे एका होलच्या दोन रीड एकमेकींना ओढतात, इथे व्हॉल्व्हमुळे एकटीलाच वाकावं लागतं.

आणि ती अडकलेली जागा. पहिले चार दिवस मी सा फुंकून वाजवत होतो, मग श्वास उलटवून कोमल नी ओढायचा. दर वेळी मध्ये एक खाच पडायची. पाचव्या दिवशी नोंद ३ मधला "वाया गेलेला" सूर आठवला: नी वर बटण म्हणजे सा. मग बटण दाबून चौथा ओढला, सा. बटण तसंच ठेवून तिसऱ्यावर सरकलो, कोमल नी. बटण सोडलं, ध. तिन्ही एकाच श्वासात, कुठेही न तुटता. शेवटी श्वास उलटवून तिसराच फुंकला आणि प वर येऊन थांबलो.

सोळा होलवाल्याचे वळलेले व्हॉल्व्ह बदलायचे आहेत. पट्ट्या मागवल्यात.