रिपीटर उघडत नाही? आधी कनेक्टर उघडा

मृगाच्या दोन-चार जोरदार सरी पडल्या की पुण्यातल्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींची ठरलेली तक्रार सुरू होते. मे महिन्यात पाच वॉटच्या हँडीवर, म्हणजे हातातल्या सेटवर, आरामात उघडणारा डोंगरावरचा रिपीटर (कमजोर सिग्नल घेऊन तो जोरात पुन्हा पाठवणारं केंद्र) आता बेसवरूनही, म्हणजे घरच्या मोठ्या सेटवरूनही, खरखरतो. दोष अर्थातच ढगांना! वास्तविक १४५ मेगाहर्ट्‌झवर पावसामुळे होणारी घट नगण्य असते. थेंबांचा त्रास जाणवायला लागतो तो साधारण १० गिगाहर्ट्‌झच्या वर. म्हणून मुसळधार पावसात डीटीएचचं चित्र गोठतं, टू मीटरवरचं, म्हणजे या १४५ च्या बँडवरचं, बोलणं नाही. वाटेत दाट झाडी असेल तर ओली पानं त्याहून वरच्या ७० सेंटिमीटर बँडवर थोडा सिग्नल गिळतात, एवढंच.

खरा चोर बहुधा गच्चीवर, अँटेनाच्या बुडाशी असतो. केबल अँटेनाला जोडणारा पीएल-२५९ कनेक्टर जलरोधक नाही, कधीच नव्हता. आट्यांमधून पाणी आत गेलं की कोॲक्स केबलच्या आतली तांब्याची जाळी दिव्याच्या वातीसारखी ते ओढून घेते आणि केबल काही मीटर आतपर्यंत भिजते. तांबं आधी काळपटतं, मग हिरवं पडतं. अशी केबल उन्हात वाळवून परत लावणं म्हणजे निव्वळ कंजूषपणा. जाळी लखलखीत दिसेपर्यंत मागे कापत जायचं; दोन मीटर कापूनही ती काळीच निघाली तर अख्खी केबल भंगारात.

यात एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा; आकडा १ च्या जितका जवळ तितका चांगला) चक्क फसवतो. ३० मीटर आरजी-५८ चा १४५ मेगाहर्ट्‌झवरचा लॉस साधारण ६ डीबी, म्हणजे पाऊण शक्ती वाटेतच जाते. वर अँटेना पूर्ण तुटली असली तरी परतणारी शक्ती जाताना ६ आणि येताना ६ अशी १२ डीबीने घटते आणि खाली मीटर दाखवतो १.७! केबल भिजून लॉस वाढला की आकडा आणखी ‘सुधारतो’. पावसाळ्यात एसडब्ल्यूआर आपोआप खाली आला तर पेढे वाटू नका. केबलच्या वरच्या टोकाला पॉवर मीटर आणि डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोधक) लावून मोजा. खालून २५ वॉट दिले तर ३० मीटर चांगल्या, जाड आरजी-२१३ केबलमधून वर १३-१४ वॉट पोचायला हवेत. सात-आठच पोचत असतील तर केबल किंवा कनेक्टर गेलाय.

सील करताना आधी साध्या विनाइल टेपचा एक थर द्या, नाहीतर पुढच्या वर्षी कनेक्टर खरवडून काढावा लागेल. त्यावर सेल्फ ॲमलगमेटिंग, म्हणजे स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत विचारून बघा. ती जवळपास दुप्पट लांब होईल इतकी ताणायची. कनेक्टरच्या पाच सेंटिमीटर खाली केबलवर सुरुवात करून वर चढत जायचं, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर, म्हणजे कौलांसारखं पाणी ओघळून जातं. वरून खाली गुंडाळलीत तर प्रत्येक कडा पाण्याला आत घ्यायला उभी. शेवटी उन्हापासून बचावासाठी पुन्हा विनाइल, त्याचा अखेरचा वेढा न ताणता. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कनेक्टरवर लावू नका, ते तांबं-पितळ खातं. केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. आणि फायबरग्लास अँटेनाच्या तळाचं बारीक भोक उत्साहाच्या भरात बुजवू नका. आतलं दव बाहेर पडायला ते मुद्दाम ठेवलेलं असतं.

रिपीटरच्या बाजूचं दुखणं वेगळं. तिथे घेणं आणि पाठवणं यांत फक्त ६०० किलोहर्ट्‌झचं अंतर. मास्टवरचा (अँटेनाच्या खांबावरचा) गंजलेला क्लॅम्प किंवा खांबाला धरणारी सैल ताणतार डायोडसारखी वागते आणि ट्रान्समीटरच्या शक्तीतून रिसीव्हरवर गोंगाट ओतते. खरखर वाऱ्याच्या झोताबरोबर कमी-जास्त होत असेल तर संशय इथेच घ्यायचा. इनपुटवर कमजोर सिग्नल देऊन ट्रान्समीटर बंद करा. ऐकणं सुधारलं तर डुप्लेक्सरनंतर (एकाच अँटेनावर घेणं आणि पाठवणं वेगळं ठेवणारे फिल्टर) अँटेनाऐवजी डमी लोड जोडून, सिग्नल कपलरमधून (लाइनमध्ये थोडासा सिग्नल सोडणारा जोड) देऊन, तीच चाचणी पुन्हा घ्या. आता त्रास गेला तर दोष फीडर, अँटेना किंवा मास्टचा. राहिला तर डुप्लेक्सर आणि जोडकेबली तपासा. ॲल्युमिनियमला तांबं थेट भिडवू नका, बोल्ट स्टेनलेसचे वापरा.

विजेचा धोका एप्रिल-मेमधल्या वळवात मोठा. जे-पोलसारखी डीसी ग्राउंडेड (धातूने थेट जमिनीशी जोडलेली) अँटेना साठणारा स्थिर भार वाहून नेते, थेट वीज मात्र नाही. गॅस ट्यूब अरेस्टर (विजेचा जादा दाब जमिनीत सोडणारं साधन) केबल इमारतीत शिरते तिथे लावा आणि त्याचं अर्थिंग इमारतीच्या अर्थिंगशी जोडा. दोन वेगळी अर्थिंग ठेवली की त्यांच्या विद्युतदाबातल्या फरकाने प्रवाह रेडिओतून वाहतो. आपल्याकडे हातभर मातीखाली काळा कातळ लागतो, तीन मीटरचा रॉड ठोकूनही आत जात नाही. चरात आडवी तांब्याची पट्टी पुरून आखूड इलेक्ट्रोड एकमेकांना जोडणं बरं. गडगडाट दूर असतानाच केबल काढून खिडकीबाहेर ठेवा. टेबलावर रेडिओशेजारी लोंबकळत ठेवलेली केबल काढलेली धरू नये. गडगडाट डोक्यावर आला असेल तर केबलला हातच लावू नका.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवा खाली बसते, वर ऊबदार थर राहतो आणि व्हीएचएफ (टू मीटर ज्यात येतो त्या लहरी) क्षितिजापलीकडे वाकतं. एरवी न ऐकू येणारा त्याच फ्रीक्वेन्सीवरचा दूरचा रिपीटर मध्येच बोलू लागतो. टोन स्क्वेल्च (ठरलेला सूर असलेल्या सिग्नललाच आवाज उघडणारी सोय) असेल तर त्रास कमी. अँटेनाच्या तुलनेसाठी नोंदवहीत लिहायचे सिग्नलचे आकडे मात्र दुपारी ऊन चढल्यावरच घ्या.