पाळी गेली, मग गोळ्या कशाला?

"तुमची पाळी तर गेली, सुटलात एकदाच्या! मग आता या हार्मोनच्या गोळ्या कशाला घेता?" हा प्रश्न मला नात्यातल्या बायका, शेजारणी आणि सोबत काम करणाऱ्या मैत्रिणी सतत विचारतात. त्यामागे आपुलकी असते हे मला ठाऊक आहे, म्हणूनच एकदा नीट उत्तर द्यावे असे वाटते.

माझी पाळी ३७व्या वर्षी थांबली. त्याआधी काही महिने ती मागेपुढे होत होती, रात्री छातीतून वाफ उसळल्यासारखे होऊन उशीचा अभ्रा भिजत होता, आणि घरचे सगळे त्याला नोकरीची दगदग म्हणत होते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी आधी दिवस गेले नाहीत ना याची खात्री करून घेतली, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि एफएसएच तपासायला सांगितले. एफएसएच हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला कामाला लावण्यासाठी सोडते. अंडाशय दाद देईनासे झाले की ती ते अधिकाधिक सोडत राहते आणि रिपोर्टवरचा आकडा चढतो. चाळिशीच्या आतल्या, पाळी थांबलेल्या बाईत तो २५च्या वर गेला की अकाली रजोनिवृत्तीचा संशय बळावतो. माझा त्याच्या दुपटीहून जास्त होता आणि महिन्याभराने पुन्हा तपासला तेव्हाही तसाच आला.

आपल्याकडे पाळी साधारणपणे ४६-४७व्या वर्षाच्या आसपास जाते. ती चाळिशीच्या आत गेली तर केवळ रक्तस्राव थांबत नाही, अंडाशयातून मिळणारे इस्ट्रोजेन हे हार्मोनही तितकी वर्षे आधीच आटते. हे इस्ट्रोजेन हाडांतले कॅल्शियम धरून ठेवते, रक्तवाहिन्या लवचिक राखते, योनीची आणि मूत्रमार्गाची त्वचा ओलसर ठेवते. झोप आणि मन यांच्याशीही त्याचा संबंध आहे. म्हणजे माझ्या वयाच्या इतर बायकांना जे शरीरातून आपोआप मिळत होते, ते मला मिळेनासे झाले होते. औषधाने मी तेवढेच भरून काढते. चांगल्या प्रकृतीसाठी वरून काही घ्यावे, असा हा प्रकार नाही.

माझ्या आईचीही पाळी चाळिशीच्या आतच गेली होती. त्या काळी गावात तिला सगळ्यांनी "सुटलीस बाई" एवढेच सांगितले, आणि तिलाही ते खरे वाटले, कारण विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईला महिन्याचे ते चार दिवस जडच जात. पन्नाशीनंतर ती न्हाणीत घसरली, हात टेकला आणि मनगट मोडले. पुढे कोणतेही निमित्त न होता पाठीचा मणका दबला आणि स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या वरच्या फळीपर्यंत तिचा हात पोहोचेना. तिची हाडांची घनता मोजावी असे तोवर कोणालाही सुचले नव्हते. म्हणूनच माझे निदान झाल्यावर मी आधी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घेतली आणि मग धाकट्या बहिणीला डॉक्टरांकडे पाठवले, कारण काही घरांत हा त्रास आईकडून मुलींकडे येतो.

"पण हार्मोनने कॅन्सर होतो ना?" हा पुढचा प्रश्न. ही भीती मुख्यतः २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाल्यानंतर पसरली. त्या चाचणीतल्या स्त्रिया ५० ते ७९ वर्षांच्या होत्या आणि त्यांचे सरासरी वय ६३ होते. नैसर्गिक वयात पाळी गेल्यानंतर त्यांना हे औषध दिले होते. तिशीत अंडाशय थांबलेल्या बाईला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. अशा बाईने निदान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत तरी हार्मोन घ्यावे, असाच सल्ला आज दिला जातो. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून काहीही सुरू करू नये.

खरे तर सगळ्याच गोळ्या नाहीत. सकाळी आंघोळीनंतर मी दंडावर इस्ट्रोजेनचे जेल चोळते आणि ते वाळेपर्यंत बाही वर धरून उभी राहते. त्वचेतून गेल्यामुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. महिन्यातले काही दिवस रात्री प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची कॅप्सूल घ्यावी लागते, नाहीतर नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते. ती संपली की थोडा स्रावही होतो. शिवाय अंडाशय अधूनमधून जागे होऊ शकते, त्यामुळे क्वचित दिवस राहतात आणि हे औषध ते रोखत नाही. मूल नको असेल तर वेगळा उपाय करावाच लागतो, हे फार कमी जणींना सांगितले जाते.

"सुटलात" हा शब्द ऐकला की मला बीडच्या ऊसतोड कामगार बायका आठवतात. २०१९ साली सरकारने पाहणी केली तेव्हा जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एका दिवसात सुरू होतात, आणि अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता वाढते. फडात मोळ्या उचलणाऱ्या त्या बायकांची हाडे कोण तपासते, त्यांना इस्ट्रोजेन कोण देते? मला जे उत्तर डॉक्टरांच्या खोलीत बसून, शांतपणे मिळाले, ते त्यांनाही शस्त्रक्रियेच्या आधीच मिळायला हवे होते.