गिरणीतली मढी

परवा रात्री लाईट गेली, लूम थांबले आणि सोलापूरच्या पूर्व भागात एकदम सामसूम झाली. झोप येईना, म्हणून मोबाईलवर 'व्हाईट झॉम्बी' हा अमेरिकन सिनेमा लावला. 1932 चा, काळा-पांढरा, जेमतेम तासाभराचा. ड्रॅक्युला करून आदल्याच वर्षी गाजलेला बेला लुगोसी यात मढी उठवून राबवणारा, कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशातला मांत्रिक झालाय. त्याचे डोळे पडदाभर येतात तेव्हा, खरं सांगू, मला हसूच आलं. नायक तर अगदीच मिळमिळीत.

पण ती साखरेची गिरणी! अंधारात मेलेली माणसं डोक्यावर उसाच्या पाट्या घेऊन ओळीनं चाललीत, खाली बाकीची चरकाचा दांडा ढकलतायत. संगीत नाही, नुसती लाकडाची करकर. एक जण तोल जाऊन चरकात पडतो. कुणी मान वळवत नाही, करकर चालूच. वर लुगोसी मळेवाल्याला सांगतो, ही माणसं जास्त तासांची कुरकूर करत नाहीत. हैतीवर तेव्हा अमेरिकेचाच ताबा होता, 1915 पासून 1934 पर्यंत.

आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये साच्यावर होते. भोंगा झाला की जेवण अर्धं टाकून निघायचे, असं आज्जी सांगते. शेजारी झोपलेली ती करकरीनं जागी झाली, चष्मा न लावताच स्क्रीनकडे बघत म्हणाली, "कुठली मिल बे ही?"

"हैतीतली."

"पगार देत्यात का?"

"मेलेल्यांना कसला पगार, आज्जी?"

"मग आपलीच असंल," म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

लाईट पावणेतीनला आली. शेजारचे लूम लगेच सुरू झाले.